बत्तीस जण, बारा दिवस आणि चारधामचा हट्ट

दारव्हा तालुक्यातल्या एका गावचं भजनी मंडळ उत्तराखंडच्या चारधामला निघायचं म्हणतं आहे. ३२ माणसं, त्यात १८ बाया, निम्म्याहून जास्त साठीच्या पुढचे. मे महिना, हातात १२ दिवस. गावातूनच बस ठरवायची, आचारी सोबत न्यायचा, चारही धाम करायचे आणि जमलंच तर येताना वैष्णोदेवीही. सगळं बसवायचं काम गावातल्या तरुण शिक्षकाच्या गळ्यात पडलं आहे आणि त्याने विचारलं आहे, "जमेल का? कसं बसवू?"

दादा, असं नाही जमणार. म्हणजे गाडी फिरून येईल, चारही ठिकाणी नारळ फुटेल, पण चार-पाच माणसं आजारी होऊन येतील आणि उरलेल्यांना खिडकीतून पाहिलेली दरी आणि ढाब्यावरची रांग एवढंच आठवेल. मी वर्धेकडचा. २००६ पासून आसपासच्या गावांतले जत्थे घेऊन जातो, आणि पहिल्या दोन वर्षी मी हेच केलं होतं जे तुम्ही करायला निघाले. म्हणून सांगतो, चार नको, दोन करा. केदारनाथ आणि बद्रीनाथ. वाचलेल्या दिवसांतले दोन दिवस कोरे ठेवा, त्यांत काहीच लिहू नका.

म्हातारी माणसं ऐकणार नाहीत, हे मला माहीत आहे. त्यांना पटेल असं एक सांगतो, माझ्याकडे दरवर्षी चालतं. आपण ज्याला चारधाम म्हणतो तो, म्हणजे यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ आणि बद्रीनाथ, हा खरं तर छोटा चारधाम. शंकराचार्यांच्या नावाने सांगतात ते मोठे चार म्हणजे बद्रीनाथ, द्वारका, जगन्नाथपुरी आणि रामेश्वर. त्यातला बद्रीनाथ या दोनांत आला. बारा ज्योतिर्लिंगांतला केदारनाथही आला. मंडळाच्या बैठकीत हे एवढं सांगा आणि चहा सांगा. निम्मा विरोध तिथंच संपतो.

आता दिवसांचा हिशेब. नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून हरिद्वार, आणि तसंच परत, यात चार दिवस गेले. डोंगरासाठी आठ उरले. हरिद्वारहून चारही धाम करून परत हरिद्वार म्हणजे बाराशे किलोमीटरच्या वर रस्ता, आणि डोंगरात ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त धरायचं नाही. यवतमाळ-नागपूर जितक्या वेळात होतं तितक्या वेळात तिथं ७०-७५ किलोमीटर होतात. म्हणजे पन्नास तास नुसते सीटवर. त्यात यमुनोत्रीला जानकीचट्टीपासून पाच-सहा किलोमीटरची खडी चढण, वाट अरुंद, त्याच वाटेवर घोडे आणि माणसांनी खांद्यावर वाहायच्या डांड्या. गुडघ्याच्या माणसाचा जीव यमुनोत्रीलाच निघतो, आणि खरा चढ केदारचा तर पुढेच असतो. गंगोत्रीला गाडी देवळाजवळ जाते हे खरं, पण जाणं-येणं धरून तीन दिवस तीच खाते. वैष्णोदेवी तर वेगळ्याच दिशेला आहे, ती यात जोडूच नका. आपल्याकडच्या टूरवाल्यांच्या कागदावर "१२ दिवसांत चारधाम व मसुरी" असं छापलेलं असतं, ते कागदावर होतं.

मे की सप्टेंबर? इथं शेती आडवी येते, आणि टूरच्या कागदावर ती नसते. गंगोत्री-यमुनोत्रीचे दरवाजे अक्षय्य तृतीयेला उघडतात, केदार-बद्रीचे त्याच्या आगेमागे. केदारनाथचा मुहूर्त महाशिवरात्रीला उखीमठात जाहीर होतो, बद्रीनाथचा वसंत पंचमीला. पहिले पंधरा दिवस अर्धा देश तिथं लोटलेला असतो. मृग लागायच्या आत घरी पोचायचं म्हणजे मेच्या मधल्या पंधरवड्यात जा. पण लक्षात घ्या, घरी ४५ अंश आणि चौथ्या-पाचव्या दिवशी केदारला रात्री पाणी गोठायची थंडी. म्हाताऱ्या शरीराला एवढा झोका झेपत नाही. माझा कल पोळ्यानंतरचा आहे, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. तिकडचा पाऊस तोवर परतीला लागतो, हवा धुतलेली असते, चौखंबा शिखर दिसतं, आणि पितृपक्ष साधला तर बद्रीनाथला ब्रह्मकपालावर पिंडदानही होतं. कपाशीवाल्यांना चालतं, वेचणी पुढे असते. सोयाबीनवाल्यांची मात्र ओढाताण होते, त्यांनी घरी एक कर्ता माणूस ठेवावा. जुलै-ऑगस्ट कोणी फुकट नेतो म्हणाला तरी जायचं नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गंगोत्रीच्या रस्त्यावरचं धराली गाव कसं गाडलं गेलं ते सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं आहे.

गावातून बस नको. आपला ड्रायव्हर कितीही पक्का असो, त्याचा हात सपाटीवर बसलेला असतो. शिवाय भाड्याच्या गाडीला तिथं ग्रीन कार्ड आणि ट्रिप कार्ड लागतं, त्यासाठी अर्धा दिवस जातो. नागपूरपासून रेल्वे करा. तेलंगणा, केरला, जी.टी. अशा दिल्लीच्या बऱ्याच गाड्या आहेत. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. तिकिटं काढताना सहा-सहा जणांची काढू नका, दोघा-दोघांची काढा. साठीच्या पुढचे पुरुष आणि पंचेचाळीसच्या पुढच्या बाया यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो आणि तो एका तिकिटावर एक किंवा दोनच माणसं असतील तर लागतो. सहांच्या तिकिटावर आजीबाईला वरचा बर्थ आला की रात्रभर कोणाच्या पाया पडायचं ते तुमच्याच वाट्याला येतं. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, वर्गणी ठरवताना ती धरू नका. आणि गॅसचं सिलिंडर रेल्वेत चालत नाही, आचाऱ्याला आधीच बजावा.

हरिद्वारहून एक मोठी बस घेण्यापेक्षा दोन टेम्पो ट्रॅव्हलर घ्या, दोन-तीन सीटा रिकाम्या राहतील अशा. थोडं महाग पडतं. पण एखाद्याला रात्री खाली उतरवायची वेळ आली तर एक गाडी मोकळी होते आणि बाकीच्यांची यात्रा थांबत नाही. गाडी ठरवताना इसार देण्याआधी गाडीचा नंबर पावतीवर लिहून घ्या. एका वर्षी हरिद्वारच्या एका एजंटाने मला एक गाडी दाखवली आणि पहाटे दुसरीच धाडली. टायर इतके गुळगुळीत की वरून हात फिरवला तर नक्षीही हाती लागेना. भांडलो, पण इसार देऊन बसलो होतो. शेवटी रुद्रप्रयागला आमच्याच पैशाने दोन टायर घेतले.

यात्रेची नोंदणी सक्तीची आहे, ती सरकारी पोर्टलवर फुकट होते. कोणी पैसे मागितले तर तो मधला माणूस आहे असं समजा. एकाच लॉगिनमधून सगळ्यांची नावं भरता येतात, पण आधार आणि मोबाइल नंबर लागतो, आणि आपल्याकडे अर्ध्या म्हाताऱ्यांच्या आधारला पुण्यात कामाला गेलेल्या पोराचं बंद पडलेलं सिम जोडलेलं असतं. ते दोन महिने आधी निस्तरा. हेलिकॉप्टरचं तिकीट फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा साइटवर मिळतं. त्या नावाच्या खोट्या साइटी ढिगाने आहेत आणि आपल्याकडचे लोक त्यात फसलेले आहेत. तसंही मी जत्थ्याला हेलिकॉप्टर सुचवत नाही. ढग उतरला की उड्डाण रद्द होतं आणि अर्धे वर, अर्धे खाली अशी फाटाफूट होते. २०२५ च्या जूनमध्ये गौरीकुंडाजवळ हेलिकॉप्टर कोसळून सात जण गेले, त्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलेही होते. त्यानंतर तर बाया स्वतःच नको म्हणतात.

उंचीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण टूरवाले यावर एक ओळ लिहून मोकळे होतात.

आपली गावं समुद्रसपाटीपासून तीन-चारशे मीटरवर. केदारनाथ ३,५८३ मीटर. तिथं एका श्वासात आपल्या इथल्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांश प्राणवायू कमी मिळतो. शरीर त्याला जुळवून घेतं, पण त्याला रात्री लागतात. गाडीने भसकन वर नेलं की डोकं दुखतं, मळमळतं, जेवण नको होतं, झोप लागत नाही. एवढंच असेल तर तिथंच थांबायचं, आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, खोकला सुटला, चालताना झोक गेला, बोलणं बरळल्यासारखं झालं, तर मात्र सकाळची वाट न पाहता खाली. औषधाने दुखणं दबतं, खाली उतरवल्याने माणूस वाचतो. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी कोणाकोणाला चालते, पण ती आपल्या डॉक्टरला विचारून. सल्फाची ॲलर्जी असलेल्याने तर विचारल्याशिवाय हातही लावायचा नाही.

माझ्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. आमच्यात एक रिटायर्ड मास्तर होते, सत्तरीचे, काटक. केदारला रात्री आठला मी विचारलं, "मास्तर, डोकं गिकं?" "मले काई होत नाई, तू बाकीच्याईले पाय." पहाटे दोनला त्यांच्या शेजारचा माणूस मला उठवायला आला. मास्तर भिंतीला टेकून बसले होते, आडवं झालं की दम कोंडत होता. ओठ जांभळट, अंगावर तीन रजया आणि कपाळावर घाम. वैद्यकीय केंद्रात नेलं, ऑक्सिजन लावला, फटफटायच्या आत डांडीवर खाली काढलं. गौरीकुंडाला पोचेपर्यंत माणूस बोलायला लागला आणि पहिलं काय बोलला तर, "संध्याकाळपासून डोस्कं दुखून रायलं होतं. सांगतलं असतं तर तुमी मले दर्शनाले नेलं नसतं." ते लपवतात, दादा. पैसे भरलेले असतात, गावाने पेढे देऊन वाटे लावलेलं असतं. म्हणून आता मी विचारतच नाही. रात्री जेवताना ताटात किती उरलं ते पाहतो, आणि जोडीदाराला विचारतो, माणसाला नाही.

म्हणूनच जत्थ्याच्या जोड्या करा. नवरा-बायकोची जोडी नको, ते एकमेकांचं झाकतात. एक चाळिशीचा, एक साठीचा अशी जोडी.

आता खास आपल्याकडचं. विदर्भात सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारं रक्ताचं दुखणं, बरंच आहे, पूर्वेकडे तर जास्तच, आणि अनेकांना आपल्यात ते आहे हेही माहीत नसतं. सिकलसेलग्रस्त माणसाला ही उंची, थंडी आणि पाण्याची कमतरता तिन्ही घातक, त्याने केदारचा विचार करू नये. जे नुसते वाहक आहेत, ज्यांना एरवी काही होत नाही, त्यांनाही इतक्या उंचीवर क्वचित प्लीहेत रक्त अडकून पोटात डावीकडे जीवघेणी कळ येते. निघण्याआधी सगळ्यांची ग्रामीण रुग्णालयात चाचणी करून घ्या, मोफत होते. बीपी, शुगर, ईसीजी त्याच दिवशी उरकतं. पुण्या-मुंबईचे टूरवाले हे कधी विचारत नाहीत, त्यांना ठाऊकच नसतं.

आणि पाणी. बाया पाणी पीत नाहीत. कारण साधं आहे, रस्त्यात जायची सोय नाही आणि ड्रायव्हरला गाडी थांबव म्हणायची लाज. सकाळी सहाला गाडीत बसलेली मावशी दुपारी दोनपर्यंत दोन घोट पिऊन राहते आणि मग चढावर तिला घेरी येते. आपण म्हणतो उंची लागली. मी ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो की दर दोन तासांनी जिथं बाथरूम बरी आहे तिथं गाडी लावायची, कोणी मागो न मागो. एवढ्याने माझ्याकडचे आजारी निम्मे झाले.

मग बसवायचं असं. हरिद्वारला एक दिवस नुसता आराम, गंगाआरती. दुसऱ्या दिवशी उजाडता निघून देवप्रयागला थांबायचं, भागीरथी आणि अलकनंदा तिथं मिळतात आणि दोघींच्या पाण्याचे रंग वेगळे ओळखू येतात. पुढे रुद्रप्रयागला मंदाकिनी मिळते, तिच्या काठाने संध्याकाळी गुप्तकाशी. तिसरा दिवस तिथंच मोडायचा, हा दिवस वाया नाही, हाच तर औषध आहे. त्या दिवशी त्रियुगीनारायण करा, शिव-पार्वतीचं लग्न जिथं लागलं म्हणतात ती धुनी तिथं तेवते. चौथ्या दिवशी केदार, वर मुक्काम, पाचव्या दिवशी खाली. सहावा दिवस कोरा. सातव्याला चोपत्यावरून जोशीमठकडे. चोपता म्हणजे बुग्याळ, गवताची कुरणं आणि समोर बर्फाची भिंत. पाहायचं ठिकाण म्हणाल तर मसुरीच्या बाजारापेक्षा हे शंभर पटीने बरं. तुंगनाथ वर दिसेल, कोणीतरी तरुण "जाऊन येतो" म्हणेल, त्याला जाऊ देऊ नका, ती चढण केदारपेक्षाही उंचावर जाते. आठव्याला बद्रीनाथ, तप्तकुंड, माणा गाव, मुक्काम. मग दोन दिवसांत खाली, आणि दुसरा कोरा दिवस हरिद्वारला. दरड पडली तर तो तिथं खर्च होतो, नाही पडली तर बाया बाजार करतात. जाण्या-येण्याचे चार धरून यात्रा पंधरा दिवसांची होईल. तीन दिवस वाढवा, धाम वाढवू नका.

केदारच्या दिवशी गाडी सोनप्रयागला थांबते, पुढचे पाच किलोमीटर तिथल्याच जीपने गौरीकुंडापर्यंत. पहाटे चारला रांगेत उभे राहा, उन्हं आल्यावर ती रांग दोन-दोन तास हलत नाही. गौरीकुंडाहून साधारण १६ किलोमीटरची चढण आहे. २०१३ च्या जूनपूर्वी १४ होती, मध्ये रामबाड्याला आम्ही चहा प्यायचो. त्या पुरात रामबाडा पुसलाच गेला, आता भीमबळीनंतर पूल ओलांडून पलीकडच्या अंगाने लिंचोलीला चढतात. साठीच्या पुढच्यांना घोडा किंवा डांडी सरकारी काउंटरवरूनच करा, पावती घ्या आणि घोडेवाल्याच्या कार्डाचा फोटो काढा. चढताना घोडा ठीक, उतरताना नको. उतारावर घोडा पुढच्या पायावर आपटत चालतो, म्हातारं माणूस सावरत नाही. जमेल त्याने पायी उतरावं, न जमेल त्याने डांडी. आणि पायी चालणाऱ्या प्रत्येकाला घोकून घ्यायला लावा की घोडा आला की डोंगराच्या अंगाला उभं राहायचं, दरीच्या नाही. दुपारनंतर पाऊस धरूनच चाला. वर पोचल्यावर गडबड नको, संध्याकाळी शृंगार दर्शन लांबून होतं, पिंडीला हात लावायचा तर सकाळी.

सराव? गावच्या रस्त्यावर फिरून होत नाही. ज्यांनी पचमढीची नागद्वारी पायी केली आहे त्यांचे गुडघे केदारला टिकतात, ही माझी साधी कसोटी आहे. बाकीच्यांनी दीड महिना बूट घालून रोज चालावं, आठवड्यातून एकदा माहूरचा गड चढावा. दिवसभर निंदण करणाऱ्या बाईत दम असतो, पण तिने जन्मात बूट घातलेला नसतो. नवा बूट थेट गौरीकुंडाला घातला की लिंचोलीला फोड आलाच. लुगड्याच्या आत गरम लेगिंग घालायला सुना तयार करतात, सासवा लाजतात. तेही गावातच उरका.

आचारी न्या, पण त्याला एक सांगा. बद्रीनाथला पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं. आमच्या आचाऱ्याने पहिल्या वर्षी तुरीची डाळ पातेल्यात टाकली आणि दोन तासांनी ती तशीच कडकड वाजत होती. तो म्हणे डाळ जुनी आहे. कुकर लागतो, दोन मोठे न्या. पिठलं, खिचडी, जवसाची चटणी, चिवडा यावर निभतं. तळण नको.

टोप्या एका रंगाच्या घ्या, पण भगव्या नको. तिथं सगळेच भगवे, आपलं माणूस दिसतच नाही. मी पोपटी घेतो, लोक हसतात, पण सोनप्रयागच्या गर्दीत आमची म्हातारी शंभर फुटांवरून सापडते. गळ्यात कार्ड, त्यावर हिंदीत नाव, तुमचा नंबर, गाडीचा नंबर आणि रोजच्या गोळ्या.

पैशाचं लेखी ठेवा. कोणी मध्येच परतला तर किती परत मिळतील, घोड्या-डांडीचा खर्च कोणाचा, हे इसार घेण्याआधी बैठकीत वाचून सह्या घ्या. गावी आल्यावरचं मावंदं, म्हणजे यात्रेचं जेवण, वेगळ्या वर्गणीतून करा, यात्रेच्या पैशात ते मिसळलं की हिशेब जन्मभर सुटत नाही.

आधी तपासण्या करून घ्या. ज्यांचे रिपोर्ट बरे नाहीत त्यांची नावं बैठकीत वाचू नका, घरी जाऊन सांगा. त्यांनाही नेता येतं, केदारच्या दिवशी ते गुप्तकाशीला थांबतात, विश्वनाथाच्या देवळात बसतात आणि डॉक्टर हो म्हणाले तर बद्रीनाथला गाडीने सगळ्यांसोबत येतात. माझे मास्तर दोन वर्षांनी पुन्हा आले तेव्हा असेच आले होते. त्या दिवशी त्यांनी गुप्तकाशीत सगळ्यांच्या बॅगा राखल्या.